मराठी संगीताच्या सीडी संगणकावर उतरवताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

सीडी संगणकात घालायची, दिसतात त्या 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' फाइली उचलून हार्ड डिस्कवर टाकायच्या आणि काम झालं असं समजायचं, हा प्रकार अजूनही सर्रास चालतो. विंडोजला दिसणाऱ्या त्या सीडीए फाइली प्रत्येकी ४४ बाइटच्या असतात. त्यांत गाणं नसतं; गाणं सीडीवर कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढीच नोंद असते.

ज्यांनी रीतसर रिप केलं, म्हणजे सॉफ्टवेअरने सीडीवरचं संगीत फाइलींत उतरवलं, त्यांच्याकडेही पुष्कळदा गोंधळच असतो. 'अननोन आर्टिस्ट' नावाचं एक फोल्डर, त्यात पंधरा सीडींची गाणी एकमेकांत मिसळलेली, आणि कुठलं पद कुणाचं हे ऐकून ओळखायची पाळी. याचं कारण असं की नेटवरच्या बहुतेक सूचना दोन गोष्टी गृहीत धरतात: सीडी घातली की गाण्यांची नावं आपोआप येतील, आणि रिप बरोबर झालं का हेही ऑनलाइन यादीच सांगेल. इंग्रजी अल्बमना ते बहुतेक वेळा लागू पडतं. भावगीतं, नाट्यपदं, अभंग, ख्याल यांच्या सीडी त्या याद्यांत बऱ्याचदा नसतात. असल्या तर नावं कुणीतरी रोमनमध्ये मनाला येतील तशी भरलेली असतात. म्हणून आपल्या संग्रहासाठी क्रम बदलावा लागतो. नावं आधी ठरवायची, रिप नंतर.

खालची माहिती विंडोज धरून दिली आहे. मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर ही सॉफ्टवेअरं रिपचं काम करतात, आणि टप्पेही हेच.

टप्पा १: सीडी वेगवेगळ्या ढिगांत लावा

सगळ्या चकत्या दिसायला सारख्या असल्या तरी आत काय आहे त्यावर पुढचं काम ठरतं.

ऑडिओ सीडीवर जास्तीत जास्त ८० मिनिटांच्या आसपास संगीत मावतं. त्यामुळे कव्हरवर '१०० गाणी' असं छापलेलं असेल तर ती एमपीथ्री सीडी आहे. ती रिप करायची नसते, आतलं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करायचं. अशा एमपीथ्री फाइली फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गमावता आकार कमी करणाऱ्या फाइल-स्वरूपात) बदलण्याचा मोह होतो. त्याने फाइलचा आकार वाढतो, पण एमपीथ्री करताना गेलेला आवाज परत येत नाही. चित्रफिती असलेल्या व्हीसीडी निराळ्या ठेवा, त्यांचा या कामाशी संबंध नाही.

सगळ्यात महत्त्वाचा ढीग घरी किंवा गल्लीतल्या दुकानात 'राइट' करून घेतलेल्या सीडींचा. आजीच्या ओव्या, मामाच्या लग्नातली सनई, गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग असं काही त्यांत असतं आणि जगात दुसरी प्रत नसते. या सीडींवर माहिती रंगद्रव्याच्या थरात लिहिलेली असते आणि तो थर उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने खराब होतो. कंपनीने छापलेल्या सीडीत माहिती ठशाने उमटवलेली असते, ती तुलनेने टिकते. म्हणून घरच्या सीडी पहिल्या उतरवा. बाजारातली सीडी बिघडली तर कुणाकडे तरी दुसरी सापडते.

पुसताना मऊ सुती कापड घ्या आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. गोलाकार चरा एकाच ट्रॅकच्या बाजूने लांबवर जातो आणि मग यंत्राला तो भरून काढता येत नाही. बुरशी असेल तर साध्या पाण्याने ओलं केलेलं कापड फिरवा आणि पूर्ण वाळू द्या.

इशारा: चमकदार बाजूवरच्या चऱ्यांपेक्षा छापील बाजूवरचा ओरखडा जास्त घातक असतो. माहितीचा थर त्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. छापील बाजूला बॉलपेनने नंबर घालू नका आणि चिकटवलेलं जुनं लेबल सोलायला जाऊ नका, त्याबरोबर थरच निघून येतो.

टप्पा २: ड्राइव्ह, जागा, सॉफ्टवेअर

नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर चालतो, पण तो लॅपटॉपच्या पोर्टला थेट जोडा. स्वस्तातल्या हबमधून पुरेशी वीज मिळत नाही आणि मध्येच वाचन तुटतं.

जागेचा हिशोब सोपा आहे. सीडीवरचं संगीत सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनल असं असतं; म्हणजे तासाला सुमारे ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये यातला कण न गमावता ते साधारण निम्म्यावर येतं. तासाभराच्या ३०० सीडींना १०० ते १२० जीबी धरा. आजच्या हार्ड डिस्कपुढे हे काहीच नाही, त्यामुळे जागा वाचवण्यासाठी थेट एमपीथ्रीत रिप करू नका. फ्लॅकपासून एमपीथ्री कधीही बनवता येतं, उलटं होत नाही.

सॉफ्टवेअर तीन लागतात: रिप करायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी (पुढे नुसतं ईएसी), नावं भरायला एमपीथ्रीटॅग, वाजवायला फूबार२०००. विंडोजवर तिन्ही मोफत आहेत. विंडोज मीडिया प्लेअरही फ्लॅकमध्ये रिप करतो, पण वाचलेलं बरोबर आहे की नाही याचा पुरावा देत नाही. आपल्याला तोच पुरावा हवा आहे.

टप्पा ३: नावं ठरवा, यादी लिहा

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि म्हणून तो शेवटावर ढकलला जातो. मग तो कधीच होत नाही.

आधी प्रत्येक सीडीला अनुक्रमांक द्या: ००१, ००२ असा. आकडा कव्हरवर लिहा. सीडीवर लिहायचाच तर सीडीसाठी मिळणाऱ्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर. कव्हर आणि आतल्या पुस्तिकेचा फोटो काढा, त्याला तोच अनुक्रमांक द्या. मग नोटपॅडमध्ये त्याच क्रमांकाची मजकूर फाइल करा. तिच्यात एका ओळीत एक ट्रॅक, आणि मध्ये उभी रेघ घालून चार रकाने: शीर्षक | गायक | संगीतकार | गीतकार.

चारही रकाने हवेतच. आपण 'खळ्यांची चाल', 'शांताबाईंचं गीत', 'सुरेश भटांची गझल' असं शोधतो. ही माहिती पुस्तिकेत असते, पण नेटवरच्या तयार यादीत गायकापलीकडे फारसं कुणी भरत नाही. आज पाच मिनिटं घातली तर पुढे 'श्रीनिवास खळे' टाइप केल्यावर सगळ्या सीडींतून त्यांच्या चाली एकत्र येतात.

शास्त्रीय संगीताला वेगळा नियम. शीर्षकाची सुरुवात रागाने करा, मग लय-ताल, मग बंदिशीचे पहिले शब्द: 'मारुबिहाग, विलंबित एकताल', त्यापुढे बंदिश. फोनच्या छोट्या पडद्यावर शीर्षकाचं सुरुवातीचंच टोक दिसतं, त्यामुळे तिथे राग हवा. 'संगीतकार' हा रकाना ख्यालाला लागू नाही, रिकामा सोडा; तिथे घराणं वगैरे कोंबू नका. तबला-पेटीची साथ कुणाची हे टिप्पणीच्या रकान्यात.

आता लेखनपद्धती. संगणकाला 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' ही तीन वेगळी माणसं वाटतात. 'ग. दि. माडगूळकर' आणि 'ग.दि. माडगूळकर' यांतही एका मोकळ्या जागेचा फरक असला तरी दोन गीतकार तयार होतात. यावर इलाज एकच: एक वेगळी फाइल करून प्रत्येक कलाकाराचं नाव एकदा पक्कं लिहून ठेवा आणि पुढे दर वेळी तिथून कॉपी करा. माझं मत असं की पंडित, उस्ताद, विदुषी हे टॅगमध्ये (फाइलच्या आत साठवल्या जाणाऱ्या नावांच्या नोंदीत) घालूच नयेत. आदर कमी होत नाही आणि वर्णक्रमाने लावल्यावर अर्धी यादी 'प'खाली गोळा होत नाही.

देवनागरीतही एक छुपा घोळ आहे. 'दुसऱ्या'मधला ऱ्य आणि 'ॲ' हे अक्षर वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या पद्धतीने साठवले जातात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र एकच सापडतं. सगळ्या याद्या एकाच कीबोर्डवरून टाइप करा.

तपासणी: फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते पाहा. जुन्या विंडोजमधलं नोटपॅड आपणहून 'एएनएसआय' निवडतं आणि अख्खी यादी प्रश्नचिन्हांची होते. फाइल बंद करून पुन्हा उघडा, अक्षरं दिसली तरच पुढे जा.

टप्पा ४: ईएसीची मांडणी, एकदाच

ईएसी पहिल्यांदा उघडल्यावर मांडणीचा साहाय्यक येतो. वेग की अचूकता असं विचारल्यावर अचूकता निवडा. त्यानंतर एफ १० दाबून ड्राइव्हची पानं तपासा: वाचनपद्धत 'सिक्युअर' असावी, ड्राइव्ह ऑडिओ कॅश करत (वाचलेलं तात्पुरतं साठवत) असेल तर त्याची खूण असावी, आणि 'सीटू'ची (ड्राइव्हने वाचनातल्या चुका स्वतः कळवण्याची) खूण काढलेली असावी. अनेक ड्राइव्ह सीटूची माहिती भरवशाची देत नाहीत. आवाजाची पातळी समान करण्याचा नॉर्मलाइज हा पर्याय बंदच ठेवा, त्याने मूळ नमुने बदलतात.

प्रत्येक ड्राइव्ह वाचायला काही नमुने आधी किंवा उशिरा सुरू करतो. ही तफावत भरून काढायला ॲक्युरेटरिप या, इतरांच्या रिपचे आकडे साठवणाऱ्या ऑनलाइन यादीची सोय आहे, पण तिला ड्राइव्ह ओळखण्यासाठी तिच्या यादीतली एखादी सीडी लागते. संग्रह पूर्ण मराठी असेल तर कुणाकडून तरी एक गाजलेली इंग्रजी सीडी तासाभरासाठी आणा. ती घातली की ईएसी तफावतीचा आकडा स्वतःच ठरवतं. सीडी मिळाली नाही तर ॲक्युरेटरिपच्या संकेतस्थळावर ड्राइव्हच्या मॉडेलप्रमाणे आकडे दिलेले आहेत.

एफ ९ मध्ये फाइलनावाची चौकट असते. तिथे एवढंच ठेवा: सीडीच्या नावाचं फोल्डर आणि आत दोन आकडी ट्रॅक क्रमांक. गाण्यांची नावं या घडीला फाइलनावात नकोत. एन्कोडरची (फ्लॅक फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती जुनी असेल तर देवनागरी तिथे मोडते. एफ ११ मध्ये एन्कोडर म्हणून फ्लॅक निवडा. फ्लॅकच्या ० ते ८ या पातळ्या फक्त किती दाबायचं ते ठरवतात, आवाज सगळ्यांत तोच राहतो. ५ किंवा ८ ठेवा आणि विसरून जा.

टप्पा ५: रिप

१. सीडी घाला. वरच्या सीडी-शीर्षकाच्या जागी तिचा अनुक्रमांक टाका.

२. ट्रॅकची संख्या आणि एकूण वेळ कव्हरशी जुळवा. कव्हरवर १२ आणि इथे ११ असेल तर थांबा, कव्हर बदललेलं असू शकतं.

३. एफ ४ दाबून ट्रॅकमधल्या मोकळ्या जागा शोधू द्या.

४. शिफ्ट धरून एफ ६ दाबा. हे 'टेस्ट अँड कॉपी': ईएसी प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचतं आणि दोन्ही वाचनांचा तपास-आकडा काढतं; वाचनं तंतोतंत सारखी असतील तरच हे आकडे जुळतात.

घाई असली की लोक नुसती कॉपी करतात. सीडी ॲक्युरेटरिपच्या यादीत असेल तर ते चालून जातं, कारण इतरांच्या वाचनाशी तुलना होते. आपल्या सीडी तिथे नसण्याची शक्यता मोठी, म्हणजे तुलना करायला आपलं स्वतःचं दुसरं वाचन एवढंच हाती राहतं. वेळ दुप्पट लागू द्या.

चरे पडलेल्या सीडीवर ईएसी एकेक जागा पुनःपुन्हा वाचत बसतं, तासन्‌तास. अशी सीडी काढून बाजूला ठेवा, चांगल्या आधी संपवा. तापलेला ड्राइव्ह चांगली सीडीही चुकीची वाचायला लागतो.

टप्पा ६: लॉग वाचा

रिप संपल्यावर ईएसी अहवाल देतं. तो त्याच फोल्डरमध्ये साठवा. त्यात पाहायचं ते असं.

प्रत्येक ट्रॅकखाली 'टेस्ट सीआरसी' आणि 'कॉपी सीआरसी' हे आठ अक्षरांचे दोन आकडे, म्हणजे वर सांगितलेले तपास-आकडे, असतात. दोन्ही सारखे आणि शेवटी 'कॉपी ओके' असेल तर ट्रॅक चांगला. 'ट्रॅक क्वालिटी' ९९.८ टक्के पाहून घाबरू नका. काही जागा पुन्हा वाचाव्या लागल्या एवढाच त्याचा अर्थ, आकडे जुळले की झालं. 'ॲक्युरेटरिपच्या यादीत सापडली नाही' हा दोष नाही. 'पडताळणी जुळली नाही' हा संदेश वेगळा, तिथे ॲक्युरेटरिपची नोंद आहे पण तुमचं वाचन तिच्याशी जुळत नाही. सगळेच ट्रॅक जुळत नसतील आणि सीआरसी मात्र जुळत असतील तर सीडीची छपाई निराळी असण्याचा संभव जास्त.

'सस्पिशस पोझिशन' लिहून वेळ दिलेली असेल तर हेडफोन लावून नेमका तो क्षण ऐका. टिकटिक किंवा तुटलेला सूर असेल तर पुन्हा पुसा, वेग कमी करा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घाला. पहिल्याला न वाचता आलेली सीडी दुसरा ड्राइव्ह सहज वाचतो, हे वारंवार दिसतं. टूथपेस्टने घासण्याचे सल्ले सोडून द्या, निदान एकमेव प्रत असलेल्या सीडीवर तरी.

टप्पा ७: टॅग भरा

एमपीथ्रीटॅगमध्ये फोल्डर उघडा, फाइली क्रमांकाने लावा, सगळ्या निवडा. रूपांतराच्या यादीत 'टेक्स्ट फाइल – टॅग' आहे. त्याला टप्पा ३ ची यादी द्या आणि रकान्यांचा क्रम सांगा. अख्खी सीडी एका झटक्यात भरते. ओळी आणि फाइली यांची संख्या सारखी हवी. मध्ये एक रिकामी ओळ राहिली तर पुढचं प्रत्येक नाव एक घर सरकतं.

तपासणी: पुस्तिकेतला क्रम आणि सीडीवरचा क्रम नेहमी जुळतोच असं नाही. प्रत्येक ट्रॅकची पहिली दहा सेकंदं ऐका. ही तपासणी टाळणाऱ्याच्या संग्रहात भैरवीच्या नावाखाली यमन वाजत राहतो.

मग तीन रकाने हाताने भरा. पहिला 'अल्बम आर्टिस्ट'. नाट्यपदांच्या संकलनात दर ट्रॅकला गायक वेगळा असतो. हा रकाना रिकामा राहिला तर बरेच प्लेअर एका अल्बमचे बारा अल्बम करतात. तिथे सगळ्यांना 'विविध कलाकार' लिहा. दुसरा 'डिस्क नंबर'. गीतरामायणाची ५६ गाणी एका सीडीवर मावत नाहीत, आणि हा आकडा नसेल तर प्रत्येक सीडीचं पहिलं गाणं एकामागोमाग येतं, मग सगळी दुसरी. रामकथेचा क्रमच बिघडतो. अल्बमचं नाव सगळ्या सीडींना तंतोतंत तेच ठेवा, 'भाग १' वगैरे त्यात नको. तिसरा, ट्रॅक क्रमांक: तो इंग्रजी आकड्यांतच लिहा. देवनागरी आकडा बऱ्याच प्लेअरना आकडा वाटत नाही.

टप्पा ८: फोल्डर

दोनच पातळ्या पुरेत: वर कलाकार किंवा 'संकलन', आत अल्बम. राग, गीतकार, प्रकार यांची फोल्डरं करू नका; एक गाणं तीन ठिकाणी ठेवावंसं वाटतं आणि तीन प्रती होतात. ते काम टॅगचं.

फाइलनावं रोमनमध्ये आणि आखूड, टॅग मात्र देवनागरीत, ही विभागणी मला सोयीची वाटते. गाडीतल्या आणि टीव्हीतल्या जुन्या प्लेअरना देवनागरी फाइलनावांच्या जागी चौकोन दिसतात. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला तर अनेक प्रोग्राम फाइल उघडायला नकार देतात. नावात प्रश्नचिन्ह, विसर्गचिन्हासारखा कोलन आणि तिरकी रेघ चालत नाही.

टप्पा ९: वाजवणं

फूबार२००० ला मुख्य फोल्डर दाखवलं की तो स्वतः यादी करतो. दोन गोष्टी मुद्दाम करा. सगळे अल्बम निवडून रिप्लेगेन (वाजवताना आवाज किती कमी-जास्त करायचा त्याचे आकडे) मोजा, आणि वाजवताना 'अल्बम' पद्धत ठेवा. त्याने जुन्या तबकड्यांवरून काढलेली दबकी नाट्यपदं आणि नव्या, मोठ्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका यांच्यामध्ये दर वेळी आवाजाच्या बटणाकडे धावावं लागत नाही. हे आकडे टॅगमध्ये राहतात, मूळ आवाजाला हात लागत नाही. 'ट्रॅक' पद्धत ठेवली तर विलंबित आणि द्रुत दोन्ही एकाच पातळीला येतात आणि गायकाने बांधलेली चढण सपाट होते.

दुसरं, विलंबिताचा ट्रॅक संपून द्रुताचा सुरू होताना तानपुरा तुटतो का ते ऐका. फ्लॅक आणि फूबारमध्ये तुटत नाही. फोनवर तुटत असेल तर त्या प्लेअरमध्ये 'गॅपलेस' चालू करा किंवा प्लेअर बदला.

अँड्रॉइडवर फ्लॅक थेट चालतं. आयफोनच्या म्युझिक ॲपला फ्लॅक घेता येत नाही, त्यासाठी अल्बम एएलएसीत बदला. तेही काही न गमावणारं स्वरूप आहे. गाडीच्या पेनड्राइव्हसाठी वेगळं फोल्डर करून लेम एन्कोडरने व्ही० दर्जाचं एमपीथ्री बनवा, पेनड्राइव्ह फॅट३२ ठेवा, टॅग आयडीथ्री २.३ आवृत्तीत यूटीएफ-१६ ने लिहा. बरेच कार-प्लेअर गाणी नावाने न लावता ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात, म्हणून एका वेळी एकच अल्बम, क्रमाने कॉपी करा.

टप्पा १०: दुसरी प्रत

एक बाहेरची हार्ड डिस्क घरात, दुसरी भावाकडे किंवा मुलीकडे, दुसऱ्या गावात. क्लाउडवर आपोआप होणाऱ्या सिंकला बॅकअप समजू नका. इथे चुकून फोल्डर पुसलं तर तिथलंही पुसलं जातं. प्रतीत संगीताबरोबर याद्या, कव्हरचे फोटो आणि लॉगही असू द्या.

फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा तपास-आकडा साठवलेला असतो. फूबारला फाइल तपासण्याचा जोड-भाग बसवा आणि बॅकअपच्या डिस्कवरचं संपूर्ण फोल्डर वर्षातून एकदा त्यातून काढा. एखादी फाइल खराब निघाली तर तेवढीच दुसऱ्या प्रतीवरून आणा, आणि आणल्यावर तीही तपासा.